भिंतीकडे तोंड केलेलं खुराडं

आमच्या गावात सप्ताहाची वीणा वैजनाथच्या गळ्यात जितकी शोभते तितकी दुसऱ्या कोणाच्या शोभत नाही. त्याच्या आधी त्याचे वडील धरत. सात दिवस, रात्रंदिवस, मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात कोणी ना कोणी वीणा घेऊन उभा असतो. ती खाली टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने त्याच्या पाया पडून ती आपल्या गळ्यात घ्यायची. वैजनाथ उभा राहिला की डोळे मिटतो आणि पायांवर किंचित झुलतो, आईच्या खांद्यावरचं मूल झोपेत झुलावं तसा.

माणूस साधा आहे. चार एकर जमीन, सोयाबीन आणि तूर. अंगाने बारीक, बोलायला भित्रा. दोन माणसांचं भांडण लागलं तर हा दोघांनाही 'व्हय, व्हय' म्हणून घरी येतो. मी त्याचा शेजारी आहे. आमच्या दोघांच्या परसांमध्ये एकच कमरेएवढी भिंत आहे, म्हणून त्याच्याबद्दल मला जरा जास्त माहीत आहे. उरलेलं त्याने स्वतः सांगितलं.

त्याचा एकच जिवाभावाचा माणूस, तांड्यावरचा लखमा. तांडा आमच्या गावापासून लांब नाही, ओढा ओलांडला की लागतो. दोघांनी लहानपणी एकत्र गुरं राखली आणि पुढे एकाच दिवशी गळ्यात तुळशीची माळ घातली. वैजनाथला माळ सोपी गेली. त्याच्या घरात तीन पिढ्या कोणी मांसमच्छी खाल्ली नव्हती. लखमाला मात्र तिच्यासाठी बरंच सोडावं लागलं. नात्यातल्या लग्नात बोकड कापला की तो लांब, झाडाखाली, आपली भाकर-चटणी घेऊन बसायचा आणि भाऊबंद त्याला 'महाराज आले, महाराज आले' म्हणून चिडवायचे. पण त्याचा हात मृदंगावर पडला की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायची. वैजनाथची वीणा आणि लखमाचा मृदंग, आमच्या सप्ताहाची ही जोडी पंचक्रोशीत ठाऊक होती.

गोष्ट सुरू झाली ती वैजनाथच्या नातीपासून. सृष्टी सहा वर्षांची. खेळता खेळता खाली बसायची आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. कळमनुरीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि रोज एक अंडं द्यायला सांगितलं. सून कोमल सासऱ्याकडे बघत राहिली. वैजनाथ जमिनीकडे.

"शाळंत अंडं देतात तवा मी केळ घेत न्हाई, अंडंच घेते," सृष्टीने तिथल्या तिथे सांगून टाकलं. "लई भारी लागतंय, आबा."

वैजनाथची बायको नर्मदाबाई पक्की माळकरीण, पण तिने क्षणभरही वाद घातला नाही. "पोरीच्या जिवापरीस माळ मोठी न्हाई. माझ्या चुलीवर न्हाई शिजवायचं, एवढंच. परसात तीन दगडं मांडते."

आता अंडं आणायचं कुठून? गावातल्या दुकानात मागितलं असतं तर दुपारपर्यंत ते देवळात पोचलं असतं. म्हणून वैजनाथ आखाडा बाळापूरच्या बाजाराला गेला. अंडी कागदात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवली, वर कोथिंबिरीची जुडी. परतीच्या जीपमध्ये त्याच्या शेजारी येऊन बसला तो विजयकुमार, आमच्या भजनी मंडळाचा अध्यक्ष. वारंगा फाट्यावर त्याचं खताचं दुकान आहे, अंगावर नेहमी पांढरं कडक. एका खड्ड्यात जीप आदळली आणि पिशवीतून काहीतरी गार मांडीवर झिरपायला लागलं. वैजनाथने पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली, धोतराचा सोगा तिच्याखाली दाबला आणि सगळी वाट विजयकुमारच्या बोलण्याला 'व्हय, व्हय' करत बसला. गाव आलं तरी उतरेना. सगळे निघून गेल्यावर उतरला आणि आधी ओढ्यावर गेला.

त्या दिवशी त्याने ठरवलं, आता कोंबड्याच पाळायच्या. अंडं घरातच निपजलं की कोणाला कळणार नाही.

लखमाला हे सांगितलं तेव्हा तो किती तरी वेळ हसत होता.

"अंडं लपवायचं म्हणून कोंबडी आणून राहिला? अरं, अंडं गप बसतंय. कोंबडी बोलती की!"

"हळू बोल."

"मी हळू बोलंन. तिला कोण सांगंल?"

पण हसून झाल्यावर त्यानेच बाह्या सरसावल्या. "घर मी बांधून देतो. अंड्याला हात लावणार न्हाई. पोरीसाठी म्हणून करून राहिलो."

वैजनाथच्या मोडक्या बैलगाडीच्या फळ्या गोठ्यात पडून होत्या. लखमाने त्यांचा तळ केला आणि तो चार दगडांवर उचलून ठेवला, खाली ओल राहू नये आणि मुंगूस शिरलं तर दिसावं म्हणून. तीन बाजूंना तुऱ्हाट्यांचे, तुरीच्या वाळल्या काड्यांचे, कुड विणले आणि ते शेणामातीने लिंपले. चौथ्या बाजूला बारीक जाळी आणि फळीचं दार. आत बाभळीची आडवी दांडी टाकली. "कोंबडी भुईवर झोपत न्हाई. तिला उंचावर बसल्याबिगर झोप लागत न्हाई." कोपऱ्यात अंडी घालायला खोकं ठेवलं, त्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा. वर जुना पत्रा, त्यावर वाऱ्यासाठी दगड. एका माणसाला हलणार नाही असं जड, भक्कम खुराडं झालं.

दाराच्या दिशेवरून मात्र दोघांचं वाजलं. लखमा म्हणत होता, दार बोळाकडे, उगवतीला कर; सकाळचं ऊन आत गेलं की रोग येत नाही. वैजनाथला ते परसाच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून हवं होतं, म्हणजे बोळातून जाणाऱ्याला ते गोवऱ्यांचं खोपटं वाटेल.

"अरं, मग अंडी काढायला तू कसा शिरणार? भिंतीला पाठ लावून, पाल सरकती तसा?"

"सरकंन."

"लाज कोंबडीला हाय का तुला?"

शेवटी दोघांनी दोन टोकं धरून खुराडं भिंतीकडे फिरवलं.

कोंबड्या लखमाच्या भावजयीने, गोजरबाईने दिल्या. तीन अंड्यावरच्या आणि एक लहान पिल्लू. "ही तलंग हाय," ती म्हणाली, म्हणजे अजून अंड्याला न आलेली कोवळी कोंबडी. "ऊन लागंपर्यंत ही बी घालंल." कोंबडा नको, एवढं वैजनाथने तिला तीनदा बजावलं होतं. ती लखमाशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली आणि दोघं हसली. काय म्हणाली ते लखमाने सांगितलं नाही.

तो हिवाळा चांगला गेला. सृष्टीच्या गालांवर रंग आला. ती शाळेतून आली की आधी परसात पळायची, भिंत आणि खुराड्याच्या फटीत आडवी सरकायची आणि अंडं दोन्ही तळहातांत धरून बाहेर यायची. "कोणाला सांगायचं न्हाई," हे तिला इतकं पाठ झालं होतं की एकदा मीच भिंतीवरून विचारलं, "काय गं, हातात काय?" तर ती गंभीरपणे म्हणाली, "काहीच न्हाई, गुरुजी. गरम हाय."

फाल्गुन संपता संपता सप्ताहाची बैठक वैजनाथच्या अंगणात बसली. लखमा नव्हता. मृदंगाच्या कातड्यावरची काळी शाई निघाली होती, ती भरून आणायला तो सकाळीच सेनगावला गेला होता. विजयकुमार, म्हातारे रामकिशनआबा आणि मंडळातले आणखी तिघं चहा घेत होते. कीर्तनकार कोण, पंगत कोणाची, असं चाललं होतं. तेवढ्यात परसातून एक घोगरा, मध्येच तुटलेला आवाज आला. वयात येणाऱ्या पोराचा येतो तसा. सगळे थांबले. मग दुसऱ्यांदा तोच आवाज आला, या वेळी स्वच्छ आणि पूर्ण. गोजरबाईची तलंग आरवली होती.

"वैजनाथकाका," विजयकुमार म्हणाला, "तुमच्या तुळशीला कंठ फुटला वाटतं!"

सगळे हसले आणि हसत हसतच उठून परसात गेले. खुराड्याला वळसा घातला. पाच माणसं भिंत आणि जाळीच्या मधल्या फटीत एकामागून एक डोकावली. आत चारी पक्षी शांत उभे होते.

"कोणाच्या ह्या?" विजयकुमारने विचारलं. आता तो हसत नव्हता.

वैजनाथ मला नंतर म्हणाला, गुरुजी, मला तवा पोरगी दिसली न्हाई, डॉक्टर दिसला न्हाई. फकस्त माझ्या बापाच्या गळ्यातली वीणा दिसली. आणि तोंडातून निघालं:

"लखमाच्या."

"लखमाच्या?"

"त्याच्याकडं जागा न्हाई म्हणला. ठिवल्या हितं."

नर्मदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माणसं गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "लखमाभाऊजीचं नाव घ्यायला तुमची जीभ वळली तरी कशी?" आणि ताटातली भाकरी तिने त्याच्याकडे सरकवली, नेहमीपेक्षा हळू.

संध्याकाळी लखमा सेनगावहून आला. मृदंग धुतलेल्या कापडात बांधून छातीशी धरलेला. देवळाच्या पारावर मंडळी बसली होती. वैजनाथही होता, टाळाच्या दोरीची गाठ सोडवत.

"लखमा," विजयकुमार म्हणाला, "वैजनाथकाकाच्या परसात तुझ्या कोंबड्या हाईत म्हणं."

लखमाने वैजनाथकडे पाहिलं. वैजनाथने टाळाच्या दोरीकडे.

"असं वैजू म्हणला?"

"व्हय. त्यांनीच सांगितलं."

लखमाने छातीशी धरलेला मृदंग सावरला. मग म्हणाला, "वैजू म्हणला तर असतील माझ्या."

"मग औंदा मृदंगाला आमी दुसरा माणूस बघतो. तू मागं बस. भजन ऐकायला कोणाला मनाई न्हाई."

मागून कोणीतरी बोललं, "तांड्यावर माळ टिकायची म्हणजे कठीणच." दोघं-तिघं हसले. ज्या माणसाने आपल्या भाऊबंदांची पंगत सोडली, त्याला हे ऐकावं लागलं. लखमाने मृदंग पारावर ठेवला, कापड सोडून त्याची घडी केली आणि ती खांद्यावर टाकून ओढ्याच्या वाटेने निघून गेला. तो जाईपर्यंत वैजनाथची ती गाठ सुटली नव्हती. नंतर त्याने पाहिलं तर दोरीला गाठ नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लखमा वैजनाथच्या पुढच्या दाराशी आला, मागच्या नाही. डोक्यावर कोंबड्या झाकायचं मोठं डालं. बोळात माणसांची ये-जा होती.

"माझ्या कोंबड्या न्यायला आलो," तो मोठ्याने म्हणाला.

त्या आवाजात राग होता की मैत्री होती, हे वैजनाथला आजही सांगता येत नाही. लखमाने स्वतः बांधलेलं दार स्वतः उघडलं आणि एकेक पक्षी डाल्याखाली घातला. तेवढ्यात सृष्टी धावत आली.

"लखमाआबा, ह्या माझ्या हाईत! माझ्या आबांनी घर बांधलंय त्यांना. आबा, सांगा की!"

बोळातल्या दोन बायका थांबल्या. वैजनाथने नातीचा दंड धरला.

"न्हाई बाळा. ह्या लखमाआबाच्या."

सृष्टीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तिचा दंड सोडून दिला. ती रडत आत गेली. लखमाने डाल्याचं तोंड बांधून ते डोक्यावर घेतलं. जाताना हळूच म्हणाला, "लेकराला कशाला ओढलं रे यात?"

त्यानंतरच्या दिवसांत वैजनाथ माझ्याशी भिंतीवरून बोलला नाही. रिकाम्या खुराड्यासमोरच्या फटीत तो उभा असलेला मला दिसायचा, भिंतीला पाठ लावून. कुटाराच्या खोक्यात शेवटचं एक अंडं राहिलं होतं. सृष्टीने ते खाल्लं नाही. लखमाआबाचं आहे, म्हणाली.

चैत्रात सप्ताह बसला. मांडव भरला, भोंगे लागले, त्यातला एक नेहमीप्रमाणे तांड्याकडे तोंड करून. मृदंगाला आणलेला परगावचा माणूस वाईट नव्हता, पण तो वाजवत होता आणि भजन चाललं होतं, इतकंच. लखमा पहिल्या दिवशी धुतलेल्या कपड्यांत आला, शेवटच्या रांगेत बसला, हरिपाठ संपल्यावर हात जोडले आणि गेला. पुन्हा आला नाही.

वैजनाथचा पहिला पहारा दुसऱ्या दिवशी सकाळी होता. त्याच्या आधीचा रामकिशनआबांचा. सत्तरीचा माणूस, वीणा गळ्यात घेऊन पाय बदलत उभा. वैजनाथ आंघोळ करून आला. आबांनी वीणा उतरवायला हात वर केले. वैजनाथ त्यांच्या पाया पडला, उठला, आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा राहिला.

"घे."

"न्हाई घेत, आबा."

"अरं घे की. हात भरून आले माझे."

विजयकुमार पुढे आला. "काय झालं काका?"

वीणेकऱ्याच्या शेजारीच माईक होता. वैजनाथला ते ठाऊक होतं. पंचवीस वर्षं तो त्या माईकजवळ उभा राहिला होता. तो आणखी अर्धं पाऊल माईकाकडे सरकला.

"त्या कोंबड्या माझ्या हाईत," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चारी भोंग्यांतून गावावर पडला, तेव्हा तो स्वतःच दचकला. पण थांबला नाही. "लखमाच्या न्हाईत. पोरीला अंडं द्यायला मी आणल्या. खुराडं त्यानं बांधून दिलं, मी सांगितलं म्हणून. तुमी इचारलं तवा मी भ्यालो आणि त्याचं नाव घेतलं. त्याची माळ साफ हाय. माझी..." इथे त्याने गळ्यातली माळ चाचपली. "माझं मला ठाव न्हाई. पण ही वीणा मी धरणार न्हाई."

विजयकुमार माझा विद्यार्थी. वर्गात उत्तर चुकलं की तो कानाच्या पाळीला हात लावायचा, तसा त्याने आत्ता लावला. परगावच्या मृदंगवाल्याने मृदंगावरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"अरं वैजनाथ," रामकिशनआबा कळवळून म्हणाले, आणि तेही भोंग्यांतून गेलं, "हे सांगायला तुला माझाच पहारा सापडला का रे? आता ही कोण घेणार?"

शेवटी विजयकुमारनेच वीणा घेतली. त्याला ती नीट धरता येत नव्हती.

वैजनाथ तिथून तडक ओढा ओलांडून तांड्यावर गेला. लखमा दारात दावं वळत बसला होता. कोंबड्या अंगणात फिरत होत्या आणि तो उमदा लाल कोंबडा गोजरबाईच्या उकिरड्यावर उभा होता.

"लख्या..."

"ऐकलं. भोंगा आमच्याकडंच हाय."

वैजनाथ उभाच राहिला. त्याला कोणी बस म्हटलं नाही.

"भोंग्यावर सांगितलं ते गावाला सांगितलं, वैजू," लखमा दाव्याकडे बघत म्हणाला. "बरं केलं. पण पारावर मी तुझ्याकडं बघितलं व्हतं. तवा नुसती मान हालवली असती तरी चाललं असतं मला."



मग लखमाने दावं बाजूला ठेवलं, उठून कोंबड्या धरल्या आणि डाल्याखाली घातल्या. "ने. पोरगी रडली व्हती त्या दिवशी." गोजरबाईने डाल्याचं तोंड फडक्याने बांधलं. कोंबड्याबद्दल ती म्हणाली, "मी व्हय तलंगच म्हणले. लहानपणी समदेच गरीब दिसतात."

वैजनाथने ते डालं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. ओढ्यावरून मागच्या बाजूने पायवाट आहे, तिने तो घरी आला असता तर कोणी पाहिलं नसतं. तो मोठ्या रस्त्याने आला, मांडवापुढून, पिठाच्या गिरणीपुढून. डाल्याच्या फटीतून कोंबडा मान बाहेर काढून आरवत होता. दारादारांतून माणसं विचारत होती, काहींना ठाऊक असूनही.

"कोणाच्या रे, वैजनाथ?"

"माझ्या."

"कोणाच्या म्हणला?"

"माझ्या हाईत. माझ्या."

घरी पोचेपर्यंत त्याचा घसा बसला होता.

विजयकुमार त्याच संध्याकाळी तांड्यावर जाऊन आला. लखमाने त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि औंदा आणलेल्या माणसाला मधूनच उठवू नका म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. सप्ताह मृदंगाच्या त्या परक्या हातावरच संपला.

आता जेठ लागलाय. वैजनाथ रोज सकाळी देवळात जातो आणि मागच्या रांगेत बसतो. त्याला कोणी बसवलं नाही, तोच बसतो. सृष्टी अंडं खाते आणि शाळेत सगळ्यांना सांगते.

कोंबड्या घरी आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने खुराडं बोळाकडे, उगवतीला फिरवायला घेतलं होतं. एकट्याला ते झेपेना. एक टोक त्याने पहारीने सरकवलं, दुसरं दगडावर अडकून बसलं. तेव्हापासून ते तसंच तिरपं आहे, धड भिंतीकडे नाही, धड बोळाकडे नाही. मी दोनदा म्हणालो, थांब, मी येतो, दुसरं टोक धरतो. माझ्या पाठीचं दुखणं आहे, पण एवढं करता आलं असतं.

"राहू द्या, गुरुजी," तो म्हणाला. "दुसरं टोक कोणी धरायचं ते ठरल्यालं हाय."

"आणि तो नाही आला तर?"

"तर वाकडं राहील."

काल बाजाराहून येताना लखमा आमच्या बोळातून गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. वैजनाथ परसात कोंबड्यांना दाणे टाकत होता. लखमा थांबला नाही, फक्त चाल जरा मंद केली आणि खुराड्याकडे नजर टाकली.

"वाकडं बसलंय," तो म्हणाला आणि पुढे गेला.

वैजनाथने हातातले दाणे तसेच मुठीत धरले होते. कोंबड्या त्याच्या पायांभोवती वाट बघत होत्या. लखमा ओढ्याकडे वळून दिसेनासा झाल्यावर तो भिंतीशी आला आणि मला विचारू लागला, गुरुजी, तो काय म्हणला, तुमी ऐकलं ना, बराबर काय म्हणला?